अकरा पाकिटं

लेम्पीने स्वयंपाकघराच्या भिंतीत अकरा खिळे ठोकले
आणि प्रत्येकाला एक खाकी पाकीट लटकवलं.
किराणा. भट्टीचं तेल. गाडी. दात.
किर्स्तीचे बूट, दर हिवाळ्यात आखूड होणारे.
अकराव्यावर नाव नव्हतं.
विचारलं तर म्हणाली, ते भिंतींचं.

त्या वर्षी थंडर बेच्या बँकेत कर्जाचे कागद नवे करताना
व्याजाच्या रकान्यात एकोणीस टक्के लिहिलेलं होतं.
मॅनेजर प्रिंगलने माझ्याकडे न पाहता पेन पुढे केलं.
मी घेणारच होतो.
लेम्पी म्हणाली, थांब ताउनो.
मग त्याला:
"दंड न भरता वर्षातून एकदा मुद्दलात किती टाकता येतं?"
"दहा टक्के," तो हसला, "पण तेवढं कोणी टाकत नाही, बाई."

ते हसणं ती घरी घेऊन आली
आणि अकराव्या खिळ्याला टांगलं.

मग दुधाची पावडर.
मग कॉफीचा तोच चोथा दोनदा उकळलेला,
पाहुणे आले तर मात्र नवा.
ऑगस्टमध्ये खडकांवरच्या निळ्या बेरी, बादल्या भरभरून,
किर्स्तीचे ओठ शाळा उघडेपर्यंत निळे.
माझ्या कोटाची कॉलर तिने उसवून उलटी शिवली.
धान्याच्या कोठारावर पोरं हसली,
आणि मला लागलं नाही असं मी म्हणणार नाही.

थेंबे थेंबे तळे साचे, खरं आहे.
आमच्या दाराशी तर असं तळं की पलीकडचा काठ दिसत नाही.
पण जानेवारीत ते गोठतं,
जहाजं थांबतात, गहू कोठारात पडून राहतो,
आणि माझ्यासारख्यांना एप्रिलपर्यंत घरी पाठवतात,
हे म्हणीत कुठे येतं?
त्या महिन्यांत पाकिटं भिंतीला चिकटून बसायची,
उपाशी मांजरांच्या पोटांसारखी.

दुसऱ्या वर्षी, अशाच एका फेब्रुवारीत,
मी अकराव्यातून बारा डॉलर काढले.
हॉकीचा सामना होता. आपण हरलो.
ती काहीच बोलली नाही.
वहीत मात्र सापडलं, तिच्या उभ्या, टोकदार अक्षरात:
ताउनो, हॉकी, १२.
पुढच्या वर्षी तीच ओळ, आकडा चौदाच्या वर.
बायको मला व्याज लावत होती,
बँकेच्याच दराने.

पंचवीस वर्षांचं घर नवव्या वर्षी सुटलं.
प्रिंगल निवृत्त झाला होता, त्याला दाखवायचं राहून गेलं.
काउंटरवरची पोरगी गोड हसून म्हणाली,
गहाणखत उतरवायची फी, साठ डॉलर.
अकरावं पाकीट आम्ही तळापर्यंत झटकून आणलं होतं.
लेम्पीने पर्स उघडली,
आतून "दात" काढलं,
तीन विसाच्या नोटा सरळ करून मोजल्या.

त्या पाकिटात अजून बरंच होतं.
आणि तिथे, शिक्का उमटत असताना,
मला तिचं जेवणं आठवलं:
ब्रेड बुडवून बुडवून मऊ करणं,
सफरचंद किसून घेणं,
तीन हिवाळे सगळं उजव्याच बाजूने.
मी समोर बसून जेवत होतो
आणि वाचवलेला प्रत्येक सेंट मला माहीत होता.

घरी आलो. घर तेच होतं,
पायरी अजून मोडकी, खिडकीतून वारा.
ती भांडी घासायला उभी राहिली.
मी वहीचं शेवटचं पान काढलं.
ताउनो, हॉकी, ४०.५५.
खिशातून दोन नोटा काढून
गुपचूप "दात"मध्ये सरकवल्या,
खिळ्याचा आवाज होऊ न देता.

नळ बंद झाला.
वळून न पाहता ती म्हणाली,
"पंचावन्न सेंट राहिले."