स्वखुशीने

सही माझीच आहे, वकीलसाहेब.
ती नाकारायची नाही.
'य'ची शेपटी अशी खाली ओढायची खोड
शाळेत पट्टी खाऊनही मोडली नव्हती.

तुम्ही म्हणता, आधारकार्डावर सत्यभामा, कागदावर यमुना,
एवढ्या फटीतून अख्खा हुकूमनामा बाहेर ओढता येईल.
येईलही.
पण यमुना मीच.
तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं
त्याला एकेचाळीस वर्षं झाली,
आणि त्या दिवशी वेंगुर्ल्याच्या कोर्टात, बाकावर,
भाऊ "यमू" म्हणाला
तर हाताने जुनंच लिहिलं. मला न विचारता.

तडजोडीच्या पुरशिशीत सात कलमं.
सहा त्याने वाचून दाखवली, समोरच्या हाटेलात,
उसळीची बशी बाजूला सारून:
घर दोघांचं. खळं दोघांचं.
देवाचा खर्च आळीपाळीने, माडांचा पाडा वर्षाआड.
सातवं पानाच्या पाठीवर होतं.
"ह्या नुसता सरकारी लिवणा.
सही कर गे, मगे जेवक जावया."

सातव्यात काय ते फेरफाराची नोटीस आली तेव्हा
तलाठ्याने बोट ठेवून सांगितलं.
विहीर, विहिरीची पाणंद, पूर्वेकडची हापूसची सात कलमं
वादीची एकट्याची.
प्रतिवादी नं. २ हिने आपला हक्क
स्वखुशीने व कायमचा सोडला.

बागेतलं सातवं कलम मी बांधलंय.
आबांनी कोय धरली, काडी मी बसवली,
सुतळी संपली म्हणून परकराची नाडी फाडून गुंडाळली.
पहिला मोहोर खाऱ्या वाऱ्याने एका रात्रीत झाडला.
हे अर्जात नको म्हणता. बरं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं होतं, ते खरं.
वाचलं का. समजलं का. कोणाची जबरदस्ती.
मी तीनदा मान हलवली.
भाऊ खोकला नाही, डोळे वटारले नाहीत,
उलट माझी पिशवी धरून उभा होता,
पिशवीत त्याच्याचसाठी नेलेली सोलं.
नाही म्हटलं असतं
तर चतुर्थीला मी कुठल्या दारात उभी राहिले असते?
ह्याला कायद्यात काय म्हणतात
ते तुम्ही शोधा.

नवा दावा चालत नाही म्हणता.
ज्या कोर्टाने मान्य केलं, त्याच कोर्टात जाऊन सांगायचं
की बाईसाहेब, तुमच्यासमोर माझी मान खोटी हलली.
सांगेन.
शिक्का असू दे, तारीख असू दे, सही माझी.
तो एक शब्द माझा नाही.
तो टायपिस्टाच्या बोटांत आधीपासूनच असतो.
ह्या तालुक्यात आजवर किती बहिणी स्वखुश झाल्या
त्याची मोजदाद रेकॉर्डरूममध्ये सापडेल,
वाळवीने ठेवली असेल तेवढी.

पहिल्या तारखेला तीन मिनिटं.
'म्हणणे देण्यास मुदत.' पुढची तारीख सुट्टीनंतर, नऊ जून.
केळूसला जायला गाडी एकच.
तो आधी चढला होता, खिडकीशी.
दुसरी जागा नव्हती.
कंडक्टरला म्हणाला, "एक फुल, एक लेडीज."
बाईला अर्धं तिकीट, हे सरकारने ठरवलंय,
त्यावर त्याला काही म्हणायचं नव्हतं.
मी माझे पैसे त्याच्या गुडघ्यावर ठेवले.
त्याने ते मोजले नाहीत, खिशातही टाकले नाहीत.

मठाचा चढ संपल्यावर, बाहेर बघत,
"औंदा बांयचा पाणी मचूळ लागता."

मी विचारलं,
"खंयच्या मयन्यापासून?"