तीन वाजताचा नमुना

बरकाच्या प्लांटमध्ये रात्रपाळीला
दर तासाला समुद्र मोजायचा असतो.
आत येणारा कोमट, शेवाळाच्या वासाचा,
बाहेर जाणाऱ्याला वासच नाही.
मधे पडदे.
पडद्यांवर जो चिकट थर धरतो
तो कसा धरतो, आधी कुठे धरतो,
एवढं विचारायला मला चार वर्षं हवीत
आणि त्या चार वर्षांचा पगार
कुणीतरी द्यायला हवा.

आजवर एकेचाळीस प्राध्यापकांना लिहिलं.
सव्वीस गप्प.
नऊ जणांच्या यंत्रांनी कळवलं, साहेब रजेवर आहेत.
पाच जण म्हणाले, विषय उत्तम, यंदा निधी नाही.
हा सूर माझ्या ओळखीचा:
मुलगी पसंत आहे हो, पत्रिका तेवढी जुळत नाही.
चहाचे कप उचलताना ऐकलाय मी तो,
दोनदा.

एकेचाळिसाव्या बाईंनी नेदरलँड्सहून दोन ओळी धाडल्या:
अर्ज करा. मुदत चुकवू नका.
मुदत म्हणजे तिथली मध्यरात्र,
इथले पहाटेचे तीन.

शिफारशीला तांबोळी सर.
पण ते निवृत्त, आणि फॉर्मला
कॉलेजच्याच पत्त्यावरून आलेलं पत्र लागतं.
सर हेदवीहून एस.टी.ने चिपळूणला गेले,
ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही
त्या नव्या विभागप्रमुखांसमोर दुपारभर बसले.
पत्राचा फोटो मला पाठवला, किंचित हललेला:
"ही विद्यार्थिनी चुकलेला आकडा गिरवून काळा करत नाही.
एकच रेघ मारते, खालचं वाचता येईल अशी,
आणि शेजारी सही करते."
बाकी टक्के वगैरे.

हुमैदने स्कॅनरचा पासवर्ड दिला.
का, कशाला, काही नाही.
फक्त म्हणाला, तिकडे ताजा मासा मिळतो का बघ आधी.

सगळं भरून झालं. एक चौकोन राहिला.
एम.एस्सी. आणि नोकरी यांच्यामधली सहा वर्षं:
खुलासा करा.
मी लिहिलं, वैयक्तिक कारण.
पुसलं.
लिहिलं, कौटुंबिक जबाबदारी.
ते बायोडाटातल्या 'गृहकृत्यदक्ष'सारखं दिसायला लागलं.
दोन वाजून बावीस मिनिटं.
पंप क्रमांक चार नेहमीसारखा कण्हत होता.

मग लिहिलं:
सहा वर्षं, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास
मी एका पडद्याशेजारी बसत होते.
वडिलांचं रक्त नळीतून तिकडे जायचं
आणि थोडं हलकं होऊन परत यायचं.
टेक्निशियन कंटाळेपर्यंत मी त्याला प्रश्न विचारले.
काहींची उत्तरं त्याच्याकडे नव्हती.
ती मी अजून शोधते आहे.

शब्दमर्यादा ओलांडली होती.
'उत्तम संवादकौशल्य' काढून टाकलं, बसलं सगळं.

दोन पंचावन्नला बटण दाबलं.
गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मी हेल्मेट घालून खाली गेले.

तीनचा नमुना. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून,
मग भरून, झाकण लावून.
वहीत आकडा बरोबर लिहिला,
तारीख मात्र कालचीच पडली.
एक रेघ मारली.
शेजारी आजची लिहिली,
आणि सही.