भेट क्रमांक चार

जूनपासून आमच्या संगीत विभागात
प्रत्येकाच्या नावावर पाच-पाच विद्यार्थी लावून दिलेत.
मी तासिका तत्त्वावरची, तरी मलाही पाच.
सोबत छापील वही:
भेटीचा दिनांक, अडचण, उपाय, दोघांच्या सह्या.

पहिल्या भेटीत तस्नीम फरशीकडं बघत म्हणाली,
काही अडचण नाही मॅडम.
दुसऱ्या भेटीतही तेच.
तिसरीला ती आलीच नाही.
मी 'समाधानकारक' लिहून मोकळी झाले.

तिच्या अब्बांची क्लॅरिनेट मी ऐकली आहे,
परभणीत, स्टेशन रोडला, वरातीमागं रिक्षात अडकून.
पोरं धूळ उडवीत नाचत होती
आणि त्या धिंगाण्यात इस्माईलभाईंनी
एक मींड अशी ओढली
की रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा हात काढला.
ही मींड घरात कोण कुणाला देतं,
वहीत त्याला रकाना नाही.

चौथी भेट. एप्रिल. दिवस कलला तरी भिंती तापलेल्या.
वीज गेली, इलेक्ट्रॉनिक तानपुरा अर्ध्यावर मेला.
कपाटावरचा खरा उतरवला, ओढणीनं पुसला,
पहिली तार निषादाला लावली,
मारव्याला पंचम चालत नाही.
पण जवारी बंद. तार बोलेना,
नुसतीच ठणठणायची, रिकाम्या घागरीगत.

दोरा आहे का गं?
तिनं पिशवी उघडली.
आत लाल कोट, सोनेरी झालरीचा, काखेत उसवलेला.
"असे नऊ आहेत मॅडम. रात्री शिवू लालेय.
म्हणून रियाज होईना गेलाय."

दहा महिन्यांत हे एवढंच.

मला काहीतरी बोलायला हवं होतं.
वेळेचं नियोजन, शिष्यवृत्तीचा अर्ज,
दोन दिवसांच्या प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं.
अंबाजोगाईला गुरुजींनी मला कधी काही विचारलं नाही.
एकदा डोळे सुजवून गेले होते,
त्या दिवशी तंबोरा त्यांनी स्वतः लावून दिला. बस.

तिनं कोटाच्या काखेतला दोरा ओढला, दातानं तोडला,
तारेखाली सरकवला, केसभर मागं, केसभर पुढं,
आणि तार उघडली,
तापल्या पत्र्यावर हवा थरथरते तशी.

मग गायली.
मारव्यात षड्जावर लवकर टेकायचं नसतं,
ऋषभापाशी थांबायचं, धैवताशी रेंगाळायचं,
घर दिसत असताना वळसा घालायचा.
वर्षभर हे मी तिला सांगत होते.
तिला ते येतच होतं.

वहीत लिहिलं:
अडचण, दोरा. उपाय, दोरा.
खाली दोघींच्या सह्या.
समन्वयक सरांनी लाल पेनानं गोल केलाय,
'स्पष्ट लिहावे.'

अजून लिहिलेलं नाही.
दोन कोट माझ्या घरी आहेत,
गुंड्या लावायच्या राहिल्यात.