नाव विचारणारं दार

धानाचे पुंजणे मोडले की नाटकांचा हंगाम.
वडशाची कोणती कंपनी, कोणत्या गावची मंडई,
पटाच्या आधी की पटानंतर, तिकीट किती,
सगळं मी साइटवर लिहिते,
भावाच्या आटाचक्कीमागच्या खोलीत बसून,
कारण इन्व्हर्टर तिथं आहे.
लॅपटॉपच्या कळांत पीठ.

कार्तिकात कुरखेड्याहून कवडू गेडामांचा फोन,
"बाई, साइटचं नाव बदललं का?"
पाहिलं. तेच पान. हार्मोनियममधला
माझ्याच हातून राहिलेला रफारसुद्धा तसाच.
वर नाव मात्र कुणाचं तरी.

चोरानं उचललं काहीच नव्हतं.
आपल्या नावाची पाटी तेवढी
माझ्या घराकडे वळवून ठेवली होती,
आणि माझा सर्व्हर, भोळा,
कुणाच्याही नावानं आलेल्याला
पान वाढत होता.
उद्या तो पाटी फिरवील.
माणसं पाटीमागं जातात.

रात्री दोनला लाइट आली, फाइल उघडली.
येणारा प्रत्येक जण दारातच सांगतो
मी अमक्याकडे आलो.
तीन वर्षं मी ते ऐकूनच घेतलं नव्हतं.
सगळ्यांत वर एक ठोकळा लिहिला, परक्या नावांसाठी:
नाव आपलं नसेल तर चारशे चव्वेचाळीस.
म्हणजे उत्तर नाही.
'नाही' एवढंसुद्धा नाही.
एक अर्धविराम सुटला, सर्व्हर रुसला.
दिला. उठला.

सकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती.
"चुकून आला त्याचा का गुन्हा?
पाणी नोको देऊ. वाट तं सांग."

मी हसले. आत येऊन नोंदी पाहिल्या.
त्या खोट्या नावानं परवा
एकशे सत्तावीस जण आले होते,
बहुतेक मोबाइलवरून, अंधार पडल्यावर,
आणि बहुतेक एकाच ओळीसाठी:
कोरची, शनिवार, रात्री दहा.
काल रात्री दोननंतर आलेले चार
दारावरून मुक्यानं परतले होते.

चारशे चव्वेचाळीस पुसलं.
तीनशे एक लिहिलं, पुढं आपलं नाव:
ते घर हे नाही, पण या,
खरं दार इकडून.

त्याची पाटी अजून तिथंच आहे.
दुपारपासून माणसं पाठवते आहे माझ्याकडे,
माझ्या नावावर.

रफार द्यायचा राहिलाच आहे.
राहू दे.
उद्या ओळख पटवायची वेळ आली तर
तोच कामी येईल.