थोडा इनास दे

निवतीच्या बंदरावर स्टेज बांधतात ते
पाठ डोंगराला, तोंड समुद्राला.
रात्री मतलई सुटतो
आणि गळ्यातून निघालेलं गाणं
कानाशी यायच्या आधीच उचलून होड्यांकडे नेतो.
भाऊ सांगायचा,
"बारा वाव पाण्यात आयकाक येता तुजा गाणा."
मला मात्र एकोणीस वर्षं
मी ऐकू आले नव्हते.

पुढ्यात दोन खोके असायचे, जाळी मिठाने खाल्लेली,
एक मुका, एक घोगरा.
भिकाजीची ढोलकी हाडात यायची, कानात नाही.
गौरांगचा कीबोर्ड म्हणजे शेजारच्या घरातलं भांडण,
शब्द नाहीत, नुसता आवेश.
आणि डाव्या हाताला इनास फर्नांडिस, सॅक्सोफोन.
त्याचे गाल दिसत, एवढंच.
गाल फुगले की समजायचं, अंतरा आला.

जो तो बोट वर करायचा.
बोट वर म्हणजे, मला वाढव.
बाबल गिरप वाढवायचा बिचारा.
भिकाजी वाढला की मी बुडायचे,
मी वाढले की खोका शिट्टी मारायचा
आणि पुढच्या रांगेतली पोरं त्याला उलट शिट्टी मारायची.
शेवटच्या गाण्यापर्यंत सगळे ओरडत असू,
एकमेकांच्या शेजारी उभे राहून, एकएकटे.

यंदा बाबलने हप्त्यावर नवे मॉनिटर आणले.
भर दुपारी, सुकत घातलेल्या बांगड्यांच्या वासात
आम्हाला उभं केलं
आणि म्हणाला, बोटा खाली.
"वाडवून आयकाक येणा नाय, बाय.
कोणाक काय नको ता सांगा."

काय नको, हे मला
घरीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, ढोलकी काढ, ती पायातून येतेच.
भिकाजी म्हणाला, माका फक्त बाय होयी.
गौरांग म्हणाला, मला मी नको, मी मला पाठ आहे.
इनास काही बोलला नाही,
जिभेवर रीड भिजवत राहिला.

रात्री पहिल्याच गाण्याला
मी तोंड उघडलं
आणि समोरून कुणी बाई गायला लागली.
वयस्क. श्वास घेतलेला कळतो अशी.
ऱ्हस्व शब्द उगाच लांबवणारी.
अंतऱ्यात ती चढली
आणि वरच्या सा ला पोचता पोचता,
पायरीवर शेवाळ असतं ना, तेवढीच,
खाली राहिली.
बेसूर म्हणणार नाही. कणसूर.

कीबोर्ड वाकत नाही. तो होता तिथेच होता.
आमच्या दोघांतली फट
मला दातातल्या काट्यासारखी टोचली.
मग त्या फटीत इनास आला.
आला तो वरूनच, कीबोर्डच्या बाजूने,
आणि माझ्याजवळ येताना ओठ सैल करून
हळूच खाली उतरला,
होडीतून उतरणाऱ्या म्हातारीला
न विचारता हात द्यावा तसा.
दोन मात्रा माझ्याबरोबर खोटा राहिला,
मग मला घेऊन वर गेला.

हे काही तो आज शिकला नव्हता.
म्हणजे वेंगुर्ल्यात, आचऱ्याला, शिरोड्याच्या त्या लग्नात,
सगळीकडे.
म्हणजे त्याला मी
ऐकू येत होते.

टाळ्या मतलईने नेल्या.
मी डावीकडे पाहिलं,
तो सॅक्सोफोनमधली थुंकी झटकत होता.
विचारणार काय, आणि कुठल्या वर्षापासून?
बाबलकडे वळून म्हटलं,
"थोडा इनास दे.
माझ्यातून काढून दे."

दुसऱ्या गाण्याला पोट घट्ट धरलं,
अंतऱ्याला जीव लावला,
आणि पोचले, बरोबर वर, कीबोर्डला टेकून.
इनास तिथे नव्हता.
सवयीने आधीच खाली येऊन
माझी वाट बघत थांबला होता.

मी उतरले.
गौरांगने मान वळवून पाहिलं.