नियम आठवा

सप्टेंबरचा पहिला मंगळवार, खोली क्रमांक चौदा.
खाडीवरचं धुकं अजून पार्किंगमधून हललेलं नाही
आणि मी वाटत चालले आहे
तेच पान, बाविसाव्या वर्षी.

फोन दाराशेजारच्या कापडी खिशांत.
(मुलं त्याला जाळं म्हणतात, तासाला अठ्ठावीस मासे.)
वही रोज.
निबंध उशिरा आला तर दिवसाला दहा गुण कमी.
वाद घालायचा तर पुस्तकाशी, शेजाऱ्याच्या आईवरून नाही.
‘मला आवडलं’ हे उत्तर नव्हे,
‘मला आवडलं, कारण’ इथून उत्तर सुरू होतं.

मागच्या बाकांवर बोटं अजून जांभळी,
ऑगस्टभर माळावर ब्लूबेरी खरवडलेली.
कुणाच्या बाहीला आमिषाच्या हेरिंगचा वास.
म्हणून सहावा नियम, वेळेवर या,
मी जरा हळू वाचते.
भरती काही आमची घंटा ऐकून येत नाही.
माझा बापही लॉबस्टरवालाच होता.

सातवा रबरी बुटांचा, तो जाऊ दे.
आठवा:
सोमवारपर्यंत पालकांची सही आणा.

सोमवारी सत्तावीस कागद सह्यांचे.
एकावर कॉफीचं वर्तुळ.
एकावर आईची सही, हुबेहूब लेकीच्या वळणाची
(मी बोलले नाही. मेहनत दिसत होती.)
अठ्ठाविसावा रॉयस ॲलीचा.
रेघ कोरी. खाली शिसपेन्सिलीनं:

‘मिसेस टिबेट्स, आठव्या नियमात चूक आहे.
पालकांना तुम्ही एस लावलात
आणि अपॉस्ट्रॉफी विसरलात.
एसच्या आधी दिली तर पालक एक.
एसच्या नंतर दिली तर दोन.
आमच्याकडे नक्की कुठे द्यायची
ते जूनपासून ठरतंय.
ठरलं की सही आणतो.’

बावीस वर्षं, वर्षाला शंभर प्रती.
दुसऱ्यांचे स्वल्पविराम वेचत बसणारी मी,
आणि दिव्याखाली हा एवढा अंधार.

मधल्या सुट्टीत सँडविच तसंच राहिलं.
लाल पेन उघडलं. टोपण लावलं. पुन्हा उघडलं.
आधी?
नंतर?
धुकं उठलं होतं, खिडकीतून बंदर दिसत होतं.
रॉयसच्या बापाची ‘मर्ना के.’
नेहमीच्या धक्क्याला नव्हती,
पलीकडे, बर्फाच्या कारखान्याजवळ,
त्याच्या भावाच्या बोटींमागे उभी होती.
आणि मर्ना, जिचं नाव त्या बोटीवर आहे,
ती आमच्याच कँटीनमध्ये
ट्रे धूत होती.

नियम मला झोपेत विचारा, सांगेन.
माशाच्या काट्याएवढं ते चिन्ह.
काट्याएवढंच, म्हणून तर अडकतं.

शेवटी त्याच्या कागदावर लिहिलं:
‘निरीक्षण अचूक. दहा गुण जादा.
सहीला मुदत नाही.’
म्हणजे तिसरा नियम मोडणारी
या वर्षीची पहिली मीच.

ऑक्टोबरात ब्लूबेरीचे माळ लालभडक झाले,
मग एका रात्रीच्या वाऱ्यात विझले.
रॉयस सहाव्या नियमाला रोज चार मिनिटं कमी पडायचा.
निबंध मात्र वेळेवर, आणि ‘कारण’ नंतर
पानभर लिहायचा. बहुतेक वेळा चुकीचं,
पण पानभर.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी
टेबलावर कागद ठेवून, जाळ्यातला फोन काढून
तो निघून गेला.
रेघेच्या दोन टोकांना दोन सह्या,
दोन शाया,
मधे एक बोट सहज जाईल
एवढी जागा.
अपॉस्ट्रॉफी त्यानं दिलेली नव्हती.

यंदा नवे मुख्याध्यापक आलेत, मिस्टर वेलेट, नीटनेटके गृहस्थ.
त्यांनी माझ्या पानावर आठव्या नियमाशी
लाल गोल काढून पाठवला.
मी म्हटलं, माहीत आहे.
तसंच छापा.