मागावरची माडी

आज माग बंद, म्हणून इराण्णा मुचंडींची माडी आम्हाला मिळाली.
वडगाव, दुपारचे तीन. माणसं अकरा, खुर्च्या सात.
आंतोन सुताच्या गोणीवर बसला,
आणि पडदा नव्हता, तेव्हा एक न खपलेली साडी
उलटी करून टांगली.
प्रोजेक्टरच्या उजेडातही
काठावरच्या रुईफुलांची पाठ दिसत राहिली.

मी कागदावर मुद्दे आणले होते. पहिल्याशीच अडलो.
"फुकट देतंय म्हणजे खोट असणार की,"
शैला काकतीकर म्हणाली. टिळकवाडीत झेरॉक्स चालवते,
तिच्या तिन्ही मशिनींवर चोरलेल्या खिडक्या,
आणि रोज सकाळी एक इशारा:
तुमची प्रत अस्सल नाही.
"चोरीचं चालतंय, दिलेलं चालत नाही होय?"
हसली. मग मी म्हणालो, फुकट नव्हे, मोकळं.
मोकळं रान. मोकळे केस.
आणि घर मोकळं म्हणजे रिकामं, तेही आलंच त्यात,
पण ते मी बोललो नाही.

इराण्णा उठले. फळीवरून
दोऱ्यात ओवलेले पत्ते काढून माझ्या मांडीवर ठेवले,
जाड, भोकाभोकांचे, जकार्डचे.
"भोक तिथं सुई जाती, दोरा उठतो. नाही तिथं नाही.
तुझ्या पेटीत हेच काय?"
हेच, म्हणालो. याहून नीट मला सांगता आलं नसतं.
"आमच्या अप्पांचे पत्ते गल्ली नेत होती.
नक्कल करा, एक फूल वाढवा, परत आणा.
शेजारच्या एकाने आपले ट्रंकेत घातले.
कुलूप अजून तसंच आहे.
आत उंदरांनी नक्षी वाचून संपवली."
सगळे हसले. ते हसले नाहीत.

भंगारातून चौदाशेला आणलेलं मशीन.
पेनड्राइव्ह लावला. लिनक्सचा पहिला पडदा आला
आणि त्याने विचारलं:
भाषा कोणती?

माडी गप्प.
हा प्रश्न आमच्याकडे कुणी सहज विचारत नाही.
पाट्यांनी विचारलाय, डांबराच्या ब्रशाने विचारलाय,
खिडकीपलीकडच्या कारकुनाने
फॉर्म परत सरकवून विचारलाय.
इथे नुसती यादी.
"भांडण नको, इंग्रजी घाल," भरमा चौगुले म्हणाला,
नेहमी करतो तसंच.
माउस रेहाना किल्लेदारच्या हाती, बारावीतली पोर.
"दोन्ही घालता येतात की. आता एक, मग दुसरी."
तिने मराठी दाबलं. इराण्णा म्हणाले, "आयतु. कन्नड मग."
त्या "मग"कडे मी जरा वेळ बघत राहिलो.

अर्धा मेनू मराठी झाला, अर्धा इंग्रजीच राहिला.
"हे काय कराल्यात? अर्धवट?"
मी सांगितलं, हे पगारी काम नव्हे,
कुणीतरी रात्री बसून शब्द लावत होतं,
मधेच उठून गेलं. पोरगं रडलं असेल. नोकरी लागली असेल.
राहिलेले आपण लावायचे.

शटडाऊनला काय म्हणायचं यात वीस मिनिटं गेली.
बंद करा. मिटवा. आंतोन म्हणाला, निजव.
शैला म्हणाली, "दुकान काय आम्ही बंद करतो?
दुकान वाढवतो. दिवेलागणीनंतर असं अभद्र बोलत नाहीत.
मशीन वाढवा, असं लिही."
मुद्द्यांच्या कागदामागे मी ते लिहून घेतलं.
त्या दिवसाचा तेवढाच मुद्दा उरलाय माझ्याकडे.

एकाहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
साडीवर आता फक्त साडी.
चहा झाला, खाली कुणाची तरी सायकल पडली,
दोघं घरी गेले.
पाच वीसला पंखा फिरला. मशीनला काहीच आठवत नव्हतं;
पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच मख्खपणे:
भाषा कोणती?

रेहानाने माउस इराण्णांकडे सरकवला.
त्यांनी चष्मा चाचपला, खिशात नव्हता.
"वाच गं तू," म्हणाले. "वरपासून. सगळी यादी."
तिने वाचायला सुरुवात केली.